स्थळप्रत

मेल रात्री दीड वाजता पाठवला, एवढं मला पक्कं आठवत होतं. कुणाकुणाला पाठवला, ते मात्र नाही.

गोष्ट २०१९ची. पुण्यातली माझी पहिली नोकरी. तीन शनिवार फुकट राबवून घेतल्यावर मी सरांना लांबलचक तक्रार लिहिली. शेजारच्या टेबलावरच्या ताईंचं नाव बीसीसीत टाकलं, घाबरून काढलं, परत टाकलं की नाही कोण जाणे. सकाळी साडेनऊला ताईंचं उत्तर आलं, मला आणि सरांना, दोघांनाही: ‘छान लिहिलंस. आता मागे हटू नकोस.’ त्यांनी फोनवरून ‘रिप्लाय ऑल’ दाबलं होतं.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “हे त्यांच्याकडे कसं गेलं?” मी तिथेच ‘सेंट’ उघडलं. वर फक्त सरांचं नाव. “मी नाही पाठवलं त्यांना,” मी म्हटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऑफिसभर झालं की ताई दुसऱ्यांचे मेल उघडून वाचतात.

संध्याकाळी बाबांना फोन केला. बाबा तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षं टंकलेखक होते, ईमेलशी त्यांचं फारसं सख्य नाही. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “स्थळप्रत नीट बघितलीस का?”

सरकारी पत्राची जी प्रत बाहेर न जाता कचेरीच्याच फायलीत राहते, ती स्थळप्रत. एक जाड कागद, मग कार्बन, मग पातळ कागद, परत कार्बन, अशी चवड मशिनीच्या रोलरमध्ये चढवायची. वरचं मूळ पत्र साहेबाच्या सहीने जायचं, खालच्या प्रती ‘माहितीसाठी’ इतरांकडे, आणि शेवटची फायलीत. कधी एखादी प्रत कुणाला गेली हे मूळ पत्र घेणाऱ्याला कळू द्यायचं नसे. मग बाबा रिबन आणि मूळ कागद यांच्यामध्ये कागदाची एक पट्टी सरकवत आणि ते नाव टाइप करत. शाई पट्टीवरच अडे, पण ठोक्याचा दाब खाली पोचे. मूळ पत्रावर काही नाही, कार्बनच्या प्रतीवर नाव ठळक. इंग्रजी ऑफिसांत याच प्रकाराला ‘ब्लाइंड कार्बन कॉपी’ म्हणत. आंधळी ती प्रत नव्हे, मूळ पत्र वाचणारा.

कार्बन कागदाच्या जन्माशीही आंधळेपणाचा संबंध आहे, पण वेगळा. इंग्लंडच्या राल्फ वेजवुडने १८०६ साली अशा कागदाचं पेटंट घेतलं, त्यात अंधांना लिहिता यावं हा एक हेतू होता. त्याच सुमारास इटलीत पेलेग्रिनो तुर्रीने एका दृष्टिहीन कुलीन स्त्रीसाठी लिहिण्याचं यंत्र बनवलं आणि त्याला शाई पुरवायला काजळी लावलेला कागद वापरला. यंत्र नाहीसं झालं, तिची काही पत्रं उरली. हे विषयाला सोडून आहे, पण मला सांगितल्याशिवाय राहवेना.

कार्बन गेला, शब्द राहिला. १९७७ साली अर्पानेटवरच्या पत्रांचा साचा ठरवणारा आरएफसी ७३३ नावाचा दस्तऐवज डेव्हिड क्रॉकर आणि तीन सहकाऱ्यांनी लिहिला, त्यात ‘टू’ आणि ‘सीसी’च्या जोडीला ‘बीसीसी’ही होतं. १९८२च्या आरएफसी ८२२ने बजावलं की ही ओळ ‘टू’ आणि ‘सीसी’वाल्यांच्या प्रतीत जाता कामा नये. बीसीसीवाल्यांच्या प्रतीत ठेवायची की फक्त लिहिणाऱ्याच्या, हे ज्याच्या त्याच्या प्रणालीवर सोडलं.

हे जमतं कसं? ईमेलचंही पाकीट वेगळं आणि आतलं पत्र वेगळं. पोचवायचं कुठे, ते सर्व्हर पाकिटावर वाचतो. आपल्याला दिसणारं ‘टू’ हे आतल्या पत्रावरचं नुसतं लिखाण. बीसीसीचा पत्ता पाकिटावर जातो, पत्रातून पुसला जातो. म्हणून मूळ पत्र घेणाऱ्याने कितीही तांत्रिक तपशील उलगडले तरी त्याला ते नाव मिळत नाही. ते सापडतं सहसा पाठवणाऱ्याच्या ‘सेंट’मध्ये, म्हणजे स्थळप्रतीत.

पुढची गंमत २००१च्या आरएफसी २८२२मध्ये आहे. पीट रेझ्निकने संपादित केलेल्या या दस्तऐवजात बीसीसी हाताळायच्या तीन रीती दिल्या आहेत. एक, ओळ सगळ्यांच्याच प्रतीतून काढायची. दोन, फक्त बीसीसीवाल्यांना दाखवायची. तीन, ‘बीसीसी’ शब्द ठेवायचा आणि पुढे कोरं सोडायचं, म्हणजे कुणीतरी लपलंय एवढंच कळेल. सुरक्षेच्या भागात इशाराही आहे: पहिल्या रीतीत गुप्त वाचकाला आपण गुप्त आहोत हे स्पष्ट कळत नाही, त्यामुळे तो सगळ्यांना उत्तर देऊन स्वतःलाच उघडं पाडू शकतो. ताईंनी केलं ते नेमकं हेच. अठरा वर्षं आधी लिहून ठेवलेलं, फक्त ते वाचणार कोण?

ही चूक नेहमी एवढी किरकोळ नसते. सप्टेंबर २०२१मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याने अफगाणिस्तानातून बाहेर पडू पाहणाऱ्या २४५ जणांना मेल पाठवला आणि सगळे पत्ते बीसीसीऐवजी ‘टू’मध्ये टाकले. तालिबान सत्तेवर आलेलं. त्यातल्या दोघांनी सगळ्यांना उत्तर दिलं, एकाने तर आपला ठावठिकाणाही लिहिला. डिसेंबर २०२३मध्ये खात्याला साडेतीन लाख पौंडांचा दंड झाला.

तर, बाबांचा फोन ठेवल्यावर मी ‘सेंट’ परत उघडलं. माझ्या ॲपमध्ये वर पहिलंच नाव दिसायचं आणि त्याच्या शेजारी एक बारीक बाण. तो दाबला. ‘टू’ सर. ‘बीसीसी’ ताई.

तुमच्यावर अशी वेळ आली तर हा बाण आधी दाबा. नाव तुम्ही लिहिलंच नसेल तर सेटिंग बघा. काही प्रोग्रॅममध्ये कायमचा बीसीसी पत्ता भरून ठेवता येतो. कंपनीच्या सर्व्हरवरच नियम लावून प्रत काढली जात असेल, तर ती तुमच्या ‘सेंट’मध्येही दिसणार नाही. ऑफिसच्या पत्त्यावरून बॉसबद्दल लिहिताना हे लक्षात असू द्या.

माझ्या बाबतीत सर्व्हर निर्दोष होता. मी स्क्रीनशॉट काढला, अर्धा तास नुसती बघत बसले, मग सरांना लिहिलं: ‘सकाळी मी चुकीचं सांगितलं. ताईंना तो मेल मीच पाठवला होता.’ या वेळी ताईंचं नाव सीसीत घातलं. सरांचं उत्तर आलं, ‘नोटेड’. ताईंनी काहीच लिहिलं नाही. पुढचे पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.