टिपण, फाळणी आणि बहुभुज : हातखंब्याच्या अनुषंगाने कोकणातील भूनोंदींचा इतिहास

रत्नागिरी तालुक्यातील हातखंबा हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर निवळी आणि पाली यांच्या दरम्यान असून रत्नागिरी शहराकडे जाणारा रस्ता तेथील तिठ्यावर फुटतो. अशा गावात महामार्ग रुंद करायचा झाला, की नियोजित पट्ट्याखाली कोणत्या जमिनीचा किती भाग येतो आणि त्या भागावर कोणाकोणाचा हक्क आहे, हे ठरवल्यावाचून राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ नुसार भूसंपादन पुरे होत नाही. जमिनीचा आकार आणि तिच्यावरील हक्क या दोन्ही गोष्टी एकत्र साठवून असा प्रश्न थेट विचारता येईल अशी जी संगणकीय व्यवस्था, तिला भौगोलिक डेटाबेस म्हणतात. कोकणात या दोन गोष्टी प्रदीर्घ काळ वेगवेगळ्या दप्तरांत राहिल्या, आणि आजच्या अडचणींपैकी बऱ्याच या फारकतीतून आलेल्या आहेत.

मुंबई इलाख्यातील शास्त्रशुद्ध जमीन मोजणीचा पाया गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात घातला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. प्रत्येक शेताची स्वतंत्र मोजणी करावी, त्याच्या हद्दीवर खुणा रोवाव्यात, त्याला क्रमांक द्यावा आणि सारा माणसावर न बसवता त्या क्रमांकावर बसवावा, असे त्या पद्धतीचे सूत्र होते. मालक बदलला तरी सर्व्हे नंबर बदलत नाही, ही त्यातील सर्वांत टिकाऊ कल्पना ठरली. आजच्या डेटाबेसमध्येही प्रत्येक नोंदीला अशीच एक न बदलणारी ओळख द्यावी लागते.

देशावर रुळलेली ही पद्धत रत्नागिरी जिल्ह्यात सहजासहजी लागू झाली नाही, कारण येथे खोती होती. खोत गावाचा सारा सरकारात भरत असे आणि कुळांकडून वसुली करत असे, त्यामुळे शेताशेताचा हिशेब सरकारपेक्षा खोताच्या घरी अधिक असे. सरकारी मोजणीने हा हिशेब उघड्यावर येणार आणि कुळांचे हक्क लेखी होणार, हे खोतांना मान्य नव्हते. या वादातून १८६५ च्या सर्व्हे कायद्यात खोतांविषयी खास कलमे आली आणि पुढे १८८० चा खोती कायदा झाला. त्यानुसार तयार झालेल्या बोटखतात धारेकरी, वहिवाटदार कूळ अशा प्रकारांनी जमीन कसणाऱ्यांचे हक्क लिहिले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, परंतु प्रत्यक्षात ती पद्धत १९४९ च्या कायद्याने संपली. रत्नागिरीत जमिनीची नोंद हा मुळात कुळाच्या अस्तित्वाचा प्रश्न होता, हे विसरून तिच्याकडे निव्वळ तांत्रिक काम म्हणून पाहणे अन्यायाचे होईल.

मोजणीदार तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली साखळी आणि काटकोन साधण्यासाठी शंकू घेऊन शेतात उतरत असे. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. शेतातून एक मूळ रेषा धरून तिच्यापासून हद्दीच्या प्रत्येक वळणापर्यंतची लंब अंतरे कच्च्या आकृतीवर लिहिली जात. ही आकृती म्हणजे टिपण. त्या अंतरांवरून त्रिकोण पाडून काढलेले क्षेत्र गुणाकार बुकात, ठरलेले क्षेत्र व आकार म्हणजे सारा आकारबंदात, आणि पुढे शेताचे पोटहिस्से पडले की त्यांची विभागणी फाळणीत येई. ही कागदपत्रे मोजणी खात्याकडे राहिली. हक्कांची नोंद मात्र १९०३ च्या कायद्यानंतर तलाठ्याच्या दप्तरात वाढत गेली आणि तिचेच रूप आजच्या सातबाऱ्यात दिसते. कोकणात डोंगरउतार, वरकस, भातखाचरे आणि गडग्यांनी वेढलेल्या बागा यांमुळे जमिनीचे तुकडे लहान, आणि मुंबईला गेलेल्या भावकीमुळे एका हिश्श्यावर नावे अनेक. वारसांची नावे सातबाऱ्यावर चढत गेली, पण जमिनीवरील वाटणी कित्येकदा नकाशावर उतरलीच नाही.

संगणकाने हा प्रश्न नव्या रीतीने मांडला. शेताची हद्द कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांची माळ म्हणून, म्हणजे बहुभुज म्हणून, साठवता येते. लाखो बहुभुजांतून हवे ते शोधताना प्रत्येकाची हद्द तपासणे परवडत नाही, म्हणून आधी त्याला वेढणारा आयत पाहतात आणि असे आयत मोठ्या आयतांत गुंफत जातात. अँटोनिन गुटमन यांनी १९८४ मध्ये मांडलेली ही ‘आर-ट्री’ रचना आजही अनेक प्रणालींत वापरली जाते. २००१ मध्ये कॅनडातील रिफ्रॅक्शन्स रिसर्च या संस्थेने मुक्त स्रोत पोस्टजीआयएस उपलब्ध केल्यावर महागड्या प्रणालींवाचूनही हे काम शक्य झाले.

मात्र भारतात २००८ मध्ये सुरू झालेल्या भूमी अभिलेख आधुनिकीकरणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही सातबाऱ्याचा मजकूर संगणकावर आधी स्थिरावला आणि नकाशे मागाहून आले. जुनी फारकत नव्या साधनातही उतरली. त्यातच जुने गावनकाशे गावापुरते काढलेले, अक्षांश-रेखांशांशी न जोडलेले आणि कागद आकसल्याने बदललेले असल्याने, शेजारच्या दोन गावांचे नकाशे जुळवले की शिवेवर कोठे फट पडते तर कोठे एकाच जमिनीवर दोन्ही गावांची हद्द येते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते, परंतु कोकणात पुष्कळ घरे गावठाणाबाहेर वाड्यांमध्ये विखुरलेली आहेत, त्यामुळे या योजनेचा लाभ येथे अपुरा पडतो.

नकाशावरून गिरवलेला बहुभुज पडद्यावर नेमका दिसला तरी त्याची अचूकता मूळ कागदाहून अधिक असू शकत नाही. टिपणात मात्र मोजणीदाराने प्रत्यक्ष जमिनीवर घेतलेली अंतरे आहेत. म्हणून हातखंब्यासारख्या गावांचा डेटाबेस उभारताना प्रत्येक हद्दीसोबत ती कोणत्या वर्षीच्या, कोणत्या साधनाने केलेल्या मोजणीवरून आली हे नोंदवावे, जीर्ण टिपणे आणि फाळण्या केवळ चित्र म्हणून न ठेवता त्यांतील अंतरे आकड्यांत उतरवून घ्यावीत, आणि भूमी अभिलेख विभागाने हे काम कागद हाती आहेत तोवर पुरे करावे.