दुपारी तीननंतरची शाळा

१९७८ सालच्या जून महिन्यात लॉस एंजेलिसमधल्या हजारो मुलांची उन्हाळी शाळा सुरू होण्याआधीच बंद झाली. भूकंप झाला नव्हता, शिक्षकांचा संप नव्हता आणि तिजोरीत खडखडाटही नव्हता; उलट कॅलिफोर्निया राज्य सरकारकडे त्या वर्षी काही अब्ज डॉलरांची शिल्लक पडून होती. झाले होते ते इतकेच की ६ जून रोजी राज्यातल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ या नावाची घटनादुरुस्ती सुमारे ६५ टक्के मतांनी संमत केली आणि मालमत्ता कराचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आले. अमेरिकेतल्या सरकारी शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ चालवते. ही आपल्याकडच्या जुन्या शिक्षण मंडळासारखी संस्था, पण लोकनियुक्त आणि त्या काळी स्वतःचा कर स्वतः ठरवणारी. त्या कराच्या पैशावर शाळा चालत. पैसा कमी पडल्यावर सर्वांत आधी काय कापायचे, याचे उत्तर जगातल्या कुठल्याही शिक्षणाधिकाऱ्याला पाठ असते: जे वेळापत्रकाच्या कडेला आहे ते. उन्हाळी वर्ग कडेला होते.

या कडेच्या गोष्टींचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही. आपल्याकडे ‘शाळेनंतर’ म्हटले की शिकवणी आठवते, फार तर रात्रशाळा. अमेरिकेत शाळा दुपारी अडीच-तीनला सुटते आणि आईबाप सहाला घरी येतात. या तीन तासांचे काय करायचे हा तिथला जुना प्रश्न आहे. दुसऱ्या महायुद्धात बायका कारखान्यांत गेल्या तेव्हा गळ्यात घराची किल्ली अडकवून फिरणाऱ्या मुलांसाठी इंग्रजीत एक स्वतंत्र शब्दच रूढ झाला. त्या तीन तासांना कॅलिफोर्नियात पुढे जे रूप आले, त्याचा प्रपोझिशन १३ शी फार जवळचा संबंध आहे, असे मला वाटते.

आधी ती दुरुस्ती नीट समजून घ्यावी लागेल. घरावरचा कर घराच्या किमतीच्या एक टक्क्याहून अधिक असणार नाही. ही किंमत १९७५-७६ सालची धरायची आणि वर्षाला फार तर दोन टक्के वाढवायची. घर विकले गेले तरच नव्याने मोजायची. शिवाय राज्याला नवा कर बसवायचा तर विधिमंडळात दोनतृतीयांश बहुमत हवे. या मोहिमेचा म्होरक्या हॉवर्ड जार्विस सत्तरी ओलांडलेला निवृत्त कारखानदार होता आणि घरमालकांच्या संघटनेचे काम करत होता. पुरोगामी लेखकांनी त्याला खलनायक करून टाकले आहे. मला ते सोयीचे वाटते, खरे नाही. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या घरांच्या किमती इतक्या झपाट्याने चढल्या की ज्यांना घर विकायचेच नव्हते अशा पेन्शनरांच्या कराची बिले त्यांच्या पेन्शनला गिळू लागली. कागदावर ते श्रीमंत झाले होते, हातात काही नव्हते. आणि सरकार मात्र शिलकीवर बसून होते. लोक चिडले नसते तरच नवल.

याला आणखी एक धागा आहे. १९६८ साली पूर्व लॉस एंजेलिसमधल्या जॉन सेरानो नावाच्या एका पालकाने राज्य सरकारवर दावा लावला. (‘सेरानो विरुद्ध प्रीस्ट’ हे खटल्याचे नाव वाचून कुणाला तो धर्मगुरूविरुद्धचा वाटेल, प्रीस्ट हे राज्याच्या तत्कालीन कोषाध्यक्ष बाईंचे आडनाव.) म्हणणे साधे होते. गरीब वस्तीतली घरे स्वस्त, म्हणून तिथे कराचा दर चढा ठेवूनही शाळेला पैसा कमी मिळतो. आकडे बोलके होते: बाल्डविन पार्कचे रहिवासी दर शंभर डॉलर मूल्यांकनामागे ५.४८ डॉलर शाळा-कर भरत आणि एका मुलामागे वर्षाला सुमारे ५७७ डॉलर खर्च करू शकत. बेव्हर्ली हिल्सचे रहिवासी २.३८ डॉलर भरून सुमारे १,२३२ डॉलर खर्च करीत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये आणि पुन्हा १९७६ मध्ये ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. विल्यम फिशेल या अर्थशास्त्रज्ञाचे प्रतिपादन असे की, आपण भरलेला कर आपल्याच शाळेला मिळणार नसेल तर तो भरावा कशाला, असे सधन वस्त्यांना वाटू लागले आणि दीड वर्षात प्रपोझिशन १३ संमत झाले. हा सिद्धान्त वादग्रस्त आहे. मला तो पुरता पटत नाही, कारण दुरुस्तीला मत देणाऱ्यांत गरीब वस्त्यांतलेही पुष्कळ होते; पण समतेच्या निकालापाठोपाठ ही कपात यावी, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणेही जड जाते.

दुरुस्तीला आव्हान देणाऱ्यांत पहिले नाव एका स्कूल डिस्ट्रिक्टचेच होते: ॲमेडोर व्हॅली. सप्टेंबर १९७८ मध्ये ती हरली. या डिस्ट्रिक्टच्या हद्दीत प्लेझंटन आणि डब्लिन ही गावे होती. आज तिथे भारतीय अभियंत्यांची, त्यांत मराठीही, पुष्कळ घरे आहेत. माझी धाकटी बहीण त्यांपैकी एका घरात राहते. तिच्या आणि शेजारच्या घराचा नकाशा एक, अंगण एक. पण शेजारच्या आजी प्रपोझिशन १३ च्या आधीपासूनच्या, म्हणून बहिणीचा कर त्यांच्या कित्येक पट. “ताई, मला राग येत नाही गं,” ती फोनवर म्हणाली, “एवढा कर लावला तर त्या कुठे जातील?” असाच फरक घेऊन स्टेफनी नॉर्डलिंगर नावाच्या बाई अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या, त्यांचा कर जुन्या शेजाऱ्यांच्या सुमारे पाचपट होता. १९९२ मध्ये आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्या हरल्या.

शाळा बंद पडल्या नाहीत. राज्याने शिल्लक मोडून त्यांना तगवले आणि हळूहळू पैशाच्या नाड्या सॅक्रामेंटोत, राज्याच्या राजधानीत गेल्या. पण शाळेचा दिवस आतून पोकळ होत गेला. ग्रंथपाल आणि समुपदेशक इतके रोडावले की त्यांच्या बाबतीत कॅलिफोर्निया देशातल्या तळाच्या राज्यांत जाऊन बसले. संगीत, चित्रकला, खेळ जिथे पालक देणग्या गोळा करू शकले तिथे टिकले.

मग १९८८ मध्ये लॉस एंजेलिसचे महापौर टॉम ब्रॅडली यांनी शहर आणि स्कूल डिस्ट्रिक्ट यांच्या भागीदारीत ‘एलएज बेस्ट’ हा शाळेनंतरचा कार्यक्रम गरीब वस्त्यांतल्या शाळांत सुरू केला. गृहपाठ, खेळ, नाटक, चित्रे, थोडे खाणे आणि सहा वाजेपर्यंत सुरक्षित आवार. यादी पुन्हा वाचावी. यातले बरेचसे एके काळी शाळेचेच होते. जे वेळापत्रकातून गेले ते तीन वाजल्यानंतर ‘कार्यक्रम’ होऊन परतले. मात्र शिक्षकाच्या जागी तासावर काम करणारी विशीतली मुलेमुली आली. १९९८ मध्ये राज्याने अशा कार्यक्रमांसाठी पाच कोटी डॉलर दिले.

इथे अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचा प्रवेश होतो. नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांनी पुढाकार घेऊन मांडलेले ‘प्रपोझिशन ४९’ सुमारे ५७ टक्के मतांनी संमत झाले: शाळेनंतरच्या कार्यक्रमांसाठी दरवर्षी ५५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम, आणि तिला विधिमंडळाने सहजी हात लावायचा नाही. नवा कर मात्र नाही. राज्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे वाढल्यावर हा पैसा २००६-०७ पासून वाहू लागला. मे २००३ मध्ये, बुश सरकारने शाळेनंतरच्या कार्यक्रमांचा केंद्रीय निधी एक अब्जावरून साठ कोटींवर आणण्याचे ठरवले, तेव्हा श्वार्झनेगर यांनी सिनेटच्या समितीपुढे त्याविरुद्ध साक्ष दिली. कपात झाली नाही. यात त्यांचा प्रामाणिकपणा नाकारण्याचे कारण नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गव्हर्नरपदाचे उमेदवार झाले. वॉरन बफे हे त्यांचे आर्थिक सल्लागार. बफे यांनी वॉल स्ट्रीट जर्नलला आपली दोन बिले सांगितली: नेब्रास्कातल्या ओमाहा येथील पाच लाखांच्या घरावर वर्षाला १४,४०१ डॉलर कर, आणि कॅलिफोर्नियातल्या लगूना बीच येथील चाळीस लाखांच्या घरावर २,२६४. हे तर्काला धरून नाही, असे त्यांचे म्हणणे. एकच हलकल्लोळ उडाला. श्वार्झनेगर यांनी पत्रकारांसमोर जाहीर केले की बफे यांनी पुन्हा प्रपोझिशन १३ चे नाव काढले तर त्यांना पाचशे सिट-अप्स काढाव्या लागतील. सगळे हसले. आपल्या शाळांत उठाबशा ही शिक्षा असायची, म्हणून मला तो विनोद जास्तच झोंबला असेल. दुपारच्या तीन तासांसाठी सिनेटपर्यंत जाणारा माणूस सकाळच्या सहा तासांचा पैसा जिथे अडला होता त्या दाराकडे बोटही दाखवू देत नव्हता. अर्थात दाखवू दिले असते तर ते निवडून आले नसते.

या विसंगतीचा हिशेब २००९ मध्ये झाला. मंदीत राज्याचे उत्पन्न कोसळले आणि शाळांची तरतूद कापली गेली. शैक्षणिक वर्ष १८० दिवसांवरून १७५ दिवसांवर आणायला डिस्ट्रिक्टना परवानगी मिळाली. पहिली-दुसरीच्या वर्गांत वीस मुलांची जी मर्यादा १९९६ पासून बहुतेक ठिकाणी पाळली जात होती, ती सैल झाली. हजारो शिक्षकांना नोटिसा गेल्या. सुमारे चाळीस राखीव योजनांचा पैसा वाटेल तिथे वापरा असे सांगण्यात आले, आणि त्यांत जी प्रौढशिक्षणाची शाळा स्थलांतरितांना इंग्रजी शिकवीत असे ती कित्येक ठिकाणी जवळजवळ संपली. लॉस एंजेलिसने बहुतेक उन्हाळी वर्ग रद्द केले, एकतीस वर्षांनी पुन्हा. शाळेनंतरच्या कार्यक्रमाचा पैसा मात्र जागचा हलला नाही, कारण त्याला मतदारांनी कुलूप लावले होते. म्हणजे ज्या शाळेत पाच दिवस शिकवण्याला पैसे नव्हते, तिथे ‘शाळेनंतर’ला होते.

कुलपाची दुसरी बाजू अशी की आतला पैसाही वाढला नाही. एका मुलामागे एका दिवसाला साडेसात डॉलर, हा दर २००६ पासून २०१७ पर्यंत तसाच राहिला. दरम्यान राज्यातले किमान वेतन पावणेसात डॉलरांवरून साडेदहापर्यंत गेले होते. वीस मुलांमागे एक माणूस हा नियम कायम. मग ताण कुणावर येतो? त्या विशीतल्या मुलीवर, जी तीन ते सहा राबते आणि वर्षभरात सोडून जाते. मी स्वतः काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले आहे, एकाच दिवशी दोन महाविद्यालयांत. तासाचे पैसे मिळतात, पण तासाआधी आणि तासानंतर विद्यार्थी तुमच्याशी बोलायला थांबतो त्याचे मिळत नाहीत. आणि तो थांबतो ते तर खरे शिकवणे. त्यामुळे या मुलांविषयी मी तटस्थपणे लिहू शकत नाही.

२०२० मध्ये मोठ्या व्यापारी मालमत्तांना प्रपोझिशन १३ च्या सवलतीतून वगळण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि थोडक्यात पडला; राहत्या घरांना तो शिवतही नव्हता. २०२१ मध्ये राज्याने नवी योजना आणली, तिच्यावरचा खर्च पुढच्याच वर्षी वार्षिक चार अब्जांवर नेला: गरीब मुलांसाठी शाळा आणि शाळेनंतरचा वेळ मिळून दिवसाचे नऊ तास, शिवाय सुट्टीतले तीस दिवस. उन्हाळा अशा रीतीने परत आला. तिजोरी तेव्हा भरलेली होती. राज्याचे उत्पन्न आता मुख्यतः आयकरावर चालते, आणि तो शेअरबाजाराबरोबर वरखाली होतो.

केंद्रीय निधीचे झाले ते वेगळेच. १ जुलै २०२५ रोजी राज्यांना मिळायचा शिक्षणाचा सहा अब्जांहून अधिक पैसा ट्रम्प सरकारने आदल्या दिवशी रोखून धरला. त्यात शाळेनंतरच्या आणि उन्हाळी कार्यक्रमांचे सुमारे १.३ अब्ज डॉलर होते. राज्ये न्यायालयात गेली, सत्ताधारी पक्षाच्या काही सिनेटरांनीही पत्र लिहिले, आणि १८ जुलैला कार्यक्रमांचा पैसा सोडत असल्याचे जाहीर झाले. त्या अठरा दिवसांत देशभर उन्हाळी वर्ग चालू होते.