कसबे तडवळ्याची परिषद आणि वतनाची बेडी

धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे या गावाचे नाव सामाजिक समतेच्या इतिहासात नोंदले गेले ते महार-मांग वतनदार परिषदेमुळे. ही परिषद २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत भरली. त्या वेळी आजच्या जिल्ह्याचा बहुतांश भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर तडवळे ब्रिटिश अमलाखालील सोलापूर जिल्ह्यात मोडत असे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मार्गाची गाडी १९०७ सालीच येथपर्यंत पोहोचली होती.

वतन म्हणजे गावच्या सेवेबद्दल वंशपरंपरेने मिळणारा हक्क. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाला मान होता. महार-मांगांच्या वाट्याला आलेल्या वतनात मानापेक्षा राबणूकच अधिक होती. गावची शीव राखणे, सांगावा पोहोचवणे, लोकांना चावडीवर बोलावणे, सरकारी वसुलासोबत जाणे, फिरतीवरील अंमलदारांची कामे करणे, अशी महार वतनदाराची कर्तव्ये होती. त्यांना वेळेची मर्यादा नव्हती. कर्ता पुरुष घरी नसल्यास घरातील दुसऱ्या माणसाला जावे लागे. मोबदला म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा व बलुते. जमीन पिढ्यान्‌पिढ्या वाटली जाऊन आणखी लहान होई आणि बलुते गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राही.

मुंबई इलाख्यात या व्यवस्थेला १८७४ च्या वतन कायद्याचा आधार होता. त्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात मांडले. ज्यांना सेवेतून मुक्त व्हायचे असेल त्यांना पूर्ण शेतसारा भरून जमीन स्वतःकडे राखता यावी व बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे, असा त्याचा रोख होता. विरोधामुळे हे विधेयक १९२९ मध्ये मागे घ्यावे लागले.

वतन सोडण्याचा प्रश्न वतनदारांनाही सोपा नव्हता. तुकडा लहान असला तरी तो गावातील हक्काचा आधार होता. तो गेल्यास उद्याची भाकर कोठून येणार, ही भीती निराधार नव्हती. दुसऱ्या बाजूला, जन्मानेच काम ठरत असल्याने शिक्षण, कसब वा इच्छा यांना अर्थ उरत नसे. दोन्ही समाज वतनदार म्हणून एका परिषदेत एकत्र आले, हे तडवळ्याच्या परिषदेचे वैशिष्ट्य ठरते. त्याच वर्षी वतनी जमिनींवरील जुडी वाढविण्याच्या सरकारी निर्णयाविरुद्ध १६ ऑगस्ट रोजी सिन्नर येथे परिषद झाली व वाढीव आकारणीला विरोध संघटित झाला.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने अनुच्छेद १६ अन्वये सरकारी नोकरीत समान संधी, १७ अन्वये अस्पृश्यतेचे उच्चाटन, १९ अन्वये व्यवसायस्वातंत्र्य आणि २३ अन्वये वेठबिगारीस मनाई केली. कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा असून तो १९५९ मध्ये अमलात आला. ठरावीक रक्कम भरल्यावर जमीन पूर्वीच्या वतनदारास पुन्हा देण्याची तरतूद त्यात होती. मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिचे हस्तांतरण करता येत नसे. वंशपरंपरागत सेवकाच्या जागी पुढे वेतनी कोतवाल आला. हा बदल पाहण्यास डॉ. आंबेडकर नव्हते; त्यांचे निधन ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले.

व्यक्तिस्वातंत्र्य, समान संधी आणि वैयक्तिक जबाबदारी या तिन्ही कल्पनांचा परस्परसंबंध वतनाच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. जे काम माणसाने निवडलेलेच नाही, त्यातील यशापयशाची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. त्याचप्रमाणे जगण्याचे साधन हाती नसताना मिळालेली मोकळीकही अपुरी ठरते. म्हणूनच सेवेतून सुटका आणि जमिनीवरचा हक्क या दोन्ही मागण्या १९२८ च्या विधेयकात एकत्र होत्या.