धुरात वाचता येईल असा पडदा : जळते जहाज आणि प्रकाशणारे प्लास्टिक

१/
४ मे १९८२. फॉकलंड युद्धात एक्सोसे क्षेपणास्त्र ब्रिटिश विनाशिका ‘शेफील्ड’वर आदळले. २० जण मृत्युमुखी पडले. पाण्याची मुख्य वाहिनी फुटली, काळा धूर जहाजभर पसरला आणि काही तासांतच ते सोडून द्यावे लागले.

२/
घरातला धूर खिडकीतून तरी निघतो. जहाजात पोलादी कप्पे, अरुंद दारे, उभ्या शिड्या. उष्णता भिंतीतून शेजारच्या कप्प्यात शिरते आणि तिथला रंग, केबल पेटवते. हातभर अंतरावरचे दिसत नसताना नौसैनिकाने होज पाइप सांभाळत वाट शोधायची. उष्णता टिपणारा कॅमेरा त्याच दशकात नौदलांत आला खरा. पण तो धरायलाही हात लागे.

३/
अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने अलाबामातील मोबाइल येथे ‘शॅडवेल’ हे जुने जहाज चक्क पेटवून पाहण्यासाठी ठेवले. (१९४५ मध्ये जपानी टॉर्पेडो पचवलेले जहाज उतारवयात स्वकीयांकडून जळत राहिले!) १९९० च्या दशकात काही नौसैनिकांना डोक्यावर बसवलेल्या पडद्यात त्याची संगणकीय प्रतिकृती आधी फिरून पाहू दिली. खऱ्या धुरात ते इतरांपेक्षा लवकर पोहोचले, वाटही कमी चुकले. मात्र तो पडदा सरावापुरताच होता.

४/
आगीत सोबत नेता येईल असा, काच नसलेला, बाहीवर गुंडाळता येणारा पडदा? त्याचे बीज १९९० चे. केंब्रिजमध्ये जेरेमी बरोज, रिचर्ड फ्रेंड आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पीपीव्ही या पॉलिमरचा अतिशय पातळ थर दोन विद्युतअग्रांमध्ये ठेवून वीज सोडली की तो स्वतःच हिरवट-पिवळा प्रकाशतो. मागून दिवा लागत नाही. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील ॲलन हीगर यांच्या गटाने काचेऐवजी पॉलिएस्टरची पातळ पट्टी वापरली आणि अग्रासाठी पॉलिॲनिलीन हे वीजवाहक पॉलिमर. वाकवले तरी ते उजळत राहिले.

५/
आणि इथेच खरी मेख आहे. अशा पॉलिमरचे दोन वैरी : ओलावा आणि प्राणवायू. थोडीशी बाष्पे शिरली तरी काळे ठिपके पडतात. पॉलिएस्टर तर ७०-८० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागते. समुद्रावरच्या आगीत खारे पाणी, वाफ आणि उष्णता, तिन्ही एकदम! म्हणून प्रकाशापेक्षा त्याभोवतीचे अभेद्य, तरीही लवचिक आवरण घडवणे अधिक कठीण ठरले. घडीच्या फोनमध्ये ते साधले. पण फोन खिशात राहतो, पेटलेल्या कप्प्यात नाही.

६/
धुरातून परतताना नौसैनिक आजही मागे पसरलेला होज पाइप चाचपत बाहेर येतो.