खुर्चीमागचा प्रेक्षक

चाळीस जण एकमेकांपासून शेकडो मैल दूर बसून एका काल्पनिक गुहेत उतरतात, तिथल्या राक्षसांशी झुंजतात, आणि हजारो अनोळखी माणसे ती झुंज घडत असतानाच आपापल्या पडद्यावर पाहतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या जुन्या ऑनलाइन खेळांभोवती हा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. त्यावर एक तक्रार हमखास ऐकू येते. पूर्वीची मुले निदान खेळत तरी होती, आताची दुसऱ्याचा खेळ बघत बसतात. तक्रार करणाऱ्यांची काळजी खोटी नाही, पण त्यांनी गृहीत धरलेला क्रम चुकीचा आहे. आधी शुद्ध खेळ होता आणि मागाहून प्रेक्षकाने तो बिघडवला, असे घडलेले नाही. भारतातल्या संगणकयुगाचे बरेचसे पहिले टप्पे ज्या बंगळूरने पाहिले, त्या शहराच्या अंगाने हा इतिहास तपासला तर वेगळेच दिसते. सामूहिक खेळाला प्रेक्षक आधीपासूनच होता. मधली काही वर्षे तो हरवला होता आणि थेट प्रक्षेपणाने तो परत आणला.

कर्नाटकाच्या किनारपट्टीवर ताळमद्दळे नावाचा प्रकार आहे. यक्षगान या नृत्यनाट्याचेच हे बैठे रूप. त्यात वेश नाही, रंग नाही, नाच नाही. भागवत म्हणजे गायक-निवेदक प्रसंगाची पदे गातो, मद्दळे हे चर्मवाद्य वाजते, आणि बैठकीला बसलेले अर्थधारी आपापल्या पात्राच्या तोंडचे बोलणे तिथल्या तिथे रचतात. किनाऱ्यावरून बंगळुरात स्थायिक झालेल्या लोकांनी हा प्रकार शहरातल्या सभागृहांतही जिवंत ठेवला आहे. मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. उत्तर कानड्यातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत पाहिल्यावरच तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभे केले. त्यातही सूत्रधार पदे गाई आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत. एक निवेदक, नेमून दिलेली पात्रे, उत्स्फूर्त संवाद आणि समोर बसलेले लोक, अशी ही चौकट. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापला, त्यात यांतल्या पहिल्या तीन गोष्टी होत्या, चौथी तेवढी नव्हती. टेबलाभोवती बसलेले तेच खेळाडू आणि तेच श्रोते. या दोन परंपरांत वंशाचे नाते आहे असे मुळीच म्हणायचे नाही. मुद्दा एवढाच की दुसऱ्याचे सोंग घेऊन सामूहिक कथा रचण्याचा खेळ बंद खोलीबाहेर पडला, की त्याला पाहणारे मिळतात.

संगणकावर हे किती लवकर घडले, याचा पुरावा अगदी सुरुवातीच्याच एका खेळात आहे. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉने ‘मड’ हा अनेकांनी मिळून खेळायचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर नुसता मजकूर. पुरेसे गुण मिळवून ‘विझार्ड’ झालेल्या खेळाडूला त्यात काही अधिकार मिळत आणि त्यांतला एक होता ‘स्नूप’. ही आज्ञा दिली की दुसऱ्या खेळाडूच्या पडद्यावर उमटणारी प्रत्येक ओळ आपल्या पडद्यावर दिसू लागे. दुसऱ्याचे साहस घडत असताना पाहण्याची सोय या जातीच्या खेळांत अशी मुळापासूनच होती. भारतात अशा खेळांची वाट १९८६ साली सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याने तयार केली. त्याच्या पहिल्या आठ संस्थांत मुंबईची एनसीएसटी (राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र) होती आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्थाही. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. व्यक्तीला अडीचशे तासांसाठी ५,००० रुपये मोजावे लागत. विद्यार्थ्याला ५०० रुपयांत खाते मिळे, पण त्यावर फक्त मजकूर दिसे. ‘मड’ला तेवढेच पुरे होते.

यानंतरचा टप्पा खास बंगळूरचा आहे. ११ जुलै १९९६ रोजी ब्रिगेड रोडवर व्ही. जी. सिद्धार्थ यांचे पहिले ‘कॅफे कॉफी डे’ उघडले. आज ते नाव कॉफीशी जोडलेले आहे, पण सुरुवातीला ते सायबर कॅफे होते. कॉफीच्या पेल्याबरोबर इंटरनेटचा तास विकत मिळे. पुढच्या दहा वर्षांत गल्लोगल्ली कॅफे निघाले आणि घरी संगणक नसलेल्या मुलांना जाळ्यावरच्या खेळांची गोडी तिथेच लागली. कॅफेच्या अर्थकारणात प्रेक्षक आपोआप तयार होत असे. यंत्रे मोजकी, तासाचे भाडे ठरलेले, त्यामुळे खुर्चीवर एक आणि पाठीशी नंबर लावून उभे असलेले दोघेतिघे. ते उगाच थांबलेले नसत. कोणता दरवाजा उघडायचा, कुणावर आधी वार करायचा, माघार कधी घ्यायची, हे सांगत असत. कायद्यानेही पडदा उघडा ठेवण्याचाच आग्रह धरला. केंद्राच्या २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त असता कामा नये आणि आडोशाबाहेरचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून असावेत. हेतू देखरेखीचा होता. पण कॅफेतला पडदा ही खासगी जागा नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.

हे नियम आले तेव्हा कॅफेंचे दिवस सरत आले होते. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची ‘डेटावन’ सेवा २५६ केबीपीएस वेगाने सुरू झाली आणि खेळाडू घरोघर विखुरला. त्याआधी दोनच महिने, नोव्हेंबर २००४ मध्ये, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ अमेरिकेत बाजारात आला होता. भारतात त्याचा अधिकृत सर्व्हर नव्हता. दूरच्या सर्व्हरवर, आज्ञा पोचायला लागणारा विलंब सोसत, महिन्याला सुमारे १५ डॉलर भरून इथले मोजके लोक तो खेळत. खेळ चालायचा, कारण त्याला फार थोडी माहिती पाठवावी लागते: पात्र कुठे आहे आणि त्याने काय केले, एवढीच. पण तोच खेळ इतरांना दाखवायचा तर प्रत्येक क्षणाचे अख्खे चित्र वर चढवावे लागते. त्याला सेकंदाला काही मेगाबिटांचा वेग हवा, आणि त्या काळच्या घरगुती जोडण्यांत चढता वेग उतरत्या वेगाचा छोटासा अंश असे. खेळांचे थेट प्रक्षेपण दाखवणारे ‘ट्विच’ हे संकेतस्थळ अमेरिकेत २०११ साली सुरू झाले. इथल्या बहुतेक घरांतून मात्र तसे प्रक्षेपण करणे तेव्हा शक्यच नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि त्यामागोमाग घरगुती फायबर पसरले, तेव्हा ही अडचण सुटू लागली. खेळ आधी पोचला, प्रेक्षक दहाहून अधिक वर्षांनी. एकट्याने, दार लावून खेळण्याचा जो काळ आज मूळ शुद्ध अवस्था म्हणून सांगितला जातो, तो खरे तर तारेच्या मर्यादेने घडवलेला मधला काळ होता.

पाहणे म्हणजे निष्क्रियता, हा आक्षेप त्यातून उरतोच. त्यासाठी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधला एक प्रसंग जवळून पाहायला हवा. ‘मोल्टन कोर’ या गुहेत बॅरन गेडन नावाचा आगीचा राक्षस आहे. लढाई ऐन रंगात असताना तो एखाद्या खेळाडूलाच जिवंत बॉम्ब करतो. त्याने काही सेकंदांत घोळक्यातून पळून दूर जायचे, नाहीतर त्याच्या स्फोटात सगळा जथा होरपळतो. मार झेलणारा, जखमा भरणारा आणि वार करणारे अशी कामे आधीच वाटलेली असतात. पण बॉम्ब कोण होणार हे कुणालाच ठाऊक नसते. ही चाल चाहत्यांना आता तोंडपाठ आहे. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये खेळाची जुनी आवृत्ती ‘क्लासिक’ नावाने पुन्हा आली, तेव्हा ट्विचवर एकाच वेळी दहा लाखांहून अधिक प्रेक्षक जमले. पंधरा वर्षांपूर्वीचा, पुरता उलगडलेला खेळ पाहायला एवढी माणसे का यावीत? कृष्णशिष्टाईचा शेवट माहीत असूनही ताळमद्दळ्याला लोक ज्या कारणाने बसतात, त्याच कारणाने. कथा ठरलेली असते, आजची मंडळी ती कशी निभावतील हे ठरलेले नसते. ते ओळखायला जाणकारी लागते. असा प्रेक्षक निष्क्रिय नसतो; तो पारख करत असतो.

प्रेक्षक आला की खेळ नाटकी होतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो अंशतः मान्यच करावा लागतो. २००५ साली गाजलेल्या ‘लीरॉय जेंकिन्स’ या चित्रफितीत एक खेळाडू जथ्याची सगळी योजना धुडकावून आरोळी ठोकत आत घुसतो आणि सगळे मारले जातात. अनेकांनी ती खरी मानली, पण तो प्रसंग ठरवून केलेला होता. आजही लोकांना खूश करण्यासाठी बेपर्वाई करणारे स्ट्रीमर, म्हणजे आपला खेळ थेट प्रक्षेपित करणारे खेळाडू, आहेत. मात्र तासन् तास चालणाऱ्या मोहिमेत हे फार वेळ खपत नाही. बाकीचे एकोणचाळीस जण आपला वेळ वाया घालवणाऱ्याला पुन्हा सोबत घेत नाहीत. पैशाचा आक्षेपही असाच अर्धा खरा आहे. वर्गणी, देणग्या, जाहिराती यांनी खेळणाऱ्याची वृत्ती बदलते, हे खरे. पण सांगलीचा राजाश्रय संपल्यावर भाव्यांनी गावोगाव तिकीट लावून खेळ केले, १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहापर्यंत ते पोचले, आणि मराठी नाटक त्या तिकिटावरच जगले. विचारायचे ते हेच, की पैशातला वाटा खेळणाऱ्यापर्यंत किती येतो आणि केलेल्या कामावर हक्क कुणाचा राहतो.

या हक्काच्या प्रश्नापाशी इतिहासाचे खरे नुकसान होते आहे. भाव्यांनी आपली पदे १८८५ साली ‘नाट्यकवितासंग्रहा’त छापली म्हणून ती उरली. नटांचे आयत्या वेळचे बोलणे मात्र कायमचे गेले. आज तीच चूक आपण साधने हाताशी असून करतो आहोत. खेळाची आज्ञावली कंपनी जपेल. पण ट्विचवरील पूर्ण प्रक्षेपणे ठरावीक दिवसांनी आपोआप पुसली जातात आणि त्यांच्याबरोबर जथ्याची बोलणी, सूचना, भांडणे आणि प्रेक्षकांचे शेरेही जातात. कॅफेंच्या नोंदवह्या आणि दरपत्रके तर कुणी जपल्याचे दिसत नाही. बंगळुरात एनसीबीएसचा (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा) अभिलेखागार समकालीन विज्ञानाचा इतिहास गोळा करतो. भारतीय विज्ञान संस्थेसारखी अर्नेटची जुनी भागीदार संस्था याच शहरात आहे. या संस्थांनी कॅफेचालकांच्या मुलाखती, जुनी कागदपत्रे आणि निवडक प्रक्षेपणे आताच जतन करायला हवीत. ब्रिगेड रोडच्या त्या पहिल्या पिढीचे लोक अजून हयात आहेत, विचारले तर सांगतील. हे काम आणखी वीस वर्षांनी हाती घेतले, तर आपल्याजवळ फक्त खेळाचे नियम उरतील. तो कसा खेळला आणि पाहिला गेला, याचा पुरावा नसेल.