आदामापासूनची मोजणी

बचत गटाचे फॉर्म भरताना जन्मतारखेच्या रकान्यापाशी आमची गाडी हमखास अडते. कुणी म्हणतं, "कोयनेच्या भूकंपात मी रांगत होते." कुणी म्हणतं, "बहात्तरच्या दुष्काळात थोरला पोटात होता." मग त्यावरून आम्ही साल काढतो. म्हणूनच बायबलच्या पहिल्या पुस्तकातला, म्हणजे उत्पत्तीचा, पाचवा अध्याय वाचला तेव्हा तो आम्हाला परका वाटला नाही.

तिथं सन नाही, शक नाही. आदाम १३० वर्षांचा असताना शेथ झाला, आदाम एकूण ९३० वर्षं जगला. शेथ १०५ वर्षांचा असताना अनोश झाला. नोहापर्यंत अशा दहा पिढ्या, आणि प्रत्येकीला वाक्याचा साचा जवळपास तोच. पाठ करायला सोपा.

बेरीज करत गेलं की गंमत कळते. ९६९ वर्षं जगलेला मथुशलह जन्मला, त्यानंतरही आदाम २४३ वर्षं होता. मथुशलह वारला तेव्हा नोहाचा मुलगा शेम ९८ वर्षांचा. म्हणजे आदामाची हकिगत शेमपर्यंत पोचायला मधे एकच माणूस पुरे! तोंडी गोष्ट बिघडली नाही, याला जुने धर्मपंडित हाच पुरावा देत.

पण आकडे सगळीकडे सारखे नाहीत. आदामापासून जलप्रलयापर्यंत हिब्रू पोथीत १६५६ वर्षं, शोमरोनी पोथीत १३०७, जुन्या ग्रीक भाषांतरात २२४२. त्या ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींत तर मथुशलह प्रलयानंतर १४ वर्षं जगतो. तारवात मात्र आठच माणसं होती: नोहा, त्याची बायको, तीन मुलगे, तीन सुना. मग आजोबा राहिले कुठं?

आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी हिब्रू आकडे धरून १६५० साली जगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये ठरवला. यहुदी पंचांग ३७६१ धरतं. पण बायबलच्याच भूमीतल्या यरीहोला सापडलेला दगडी बुरूज इसवी सनापूर्वी सुमारे ८००० चा आहे. आमच्या मते ही यादी पंचांग नव्हेच. कोण कुणाचा, हे लक्षात ठेवायची ती रीत आहे.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली. दहा पिढ्यांत एकाही आईचं नाव नाही. प्रत्येकाला मुलगे झाले, मुली झाल्या, पण कुणाच्या पोटी? नोहाची बायको तारवात चढते तीही बिननावाची. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. ही यादी उतरवताना त्यांच्या मनात काय आलं असेल? हव्वा, आदा, सिल्ला ही नावं आधीच्या अध्यायांत येतात, पण वयाशिवाय. मरतेवेळचं वय लिहिलेली बाई अख्ख्या उत्पत्तीत एकच, अब्राहामाची सारा. १२७ वर्षं.

भूकंपात रांगणाऱ्या आमच्या मावशींच्या फॉर्मवर आम्ही १९६७ लिहिलं. शेजारी त्यांच्या आईचं नावही लिहून घेतलं. तसा रकाना फॉर्मवर नव्हता.