गळपट्टा, छातीपट्टा आणि म्होरकी : श्वानाच्या ओढीचा व तिच्या नियंत्रणाचा इतिहास

प्रस्तावना

मानवाने माणसाळविलेल्या प्राण्यांमध्ये श्वान हा सर्वांत जुना सोबती होय. या सहवासाच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने शिकार, राखण आणि पशुपालन या अंगांनी झाले आहे. मनुष्य आणि श्वान यांना प्रत्यक्ष जोडणाऱ्या दोरीकडे व पट्ट्याकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. फिरायला नेताना कुत्रा दोरी ओढतो, ही आज शहरी श्वानपालकांची नित्याची तक्रार आहे आणि तिच्या निवारणासाठी नाना तऱ्हेचे पट्टे बाजारात उपलब्ध आहेत. या साधनांची वाटचाल क्रौर्याकडून करुणेकडे सरळ रेषेत झाली, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीतक उपलब्ध पुराव्यांच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी तीन संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे. गळ्याभोवती बसतो तो गळपट्टा. छाती व खांद्यांवरून जाणारा, ज्याला बाजारात ‘हार्नेस’ म्हणतात, तो छातीपट्टा. कानांमागून आणि नाकाडावरून जाणाऱ्या ‘हेडकॉलर’ला येथे म्होरकी म्हटले आहे, कारण बैलाच्या व घोड्याच्या तोंडावर चढविल्या जाणाऱ्या म्होरकीशी तिचे रचनेच्या दृष्टीने थेट साम्य आहे. मुसक्याशी तिची गल्लत होता कामा नये. मुसके तोंड बंद करते, तर म्होरकी तोंड मोकळे ठेवून केवळ डोक्याची दिशा वळविते.

१. गळपट्ट्याचे प्राचीन पुरावे

दोरीने बांधलेल्या श्वानाचे अतिप्राचीन चित्रण सौदी अरेबियातील शुवैमिस व जुब्बा येथील प्रस्तरचित्रांत आढळते. ही चित्रे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची असावीत, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुचविले आहे. तथापि हा काळ अप्रत्यक्ष पुराव्यांवरून अनुमानिलेला आहे. काही चित्रांत श्वानाच्या मानेपासून शिकाऱ्याच्या कमरेपर्यंत रेषा काढलेली दिसते. दोरी कमरेला बांधल्याने धनुष्यासाठी दोन्ही हात मोकळे राहत असावेत.

इजिप्तमध्ये १८९९ साली व्हिक्टर लोरे यांनी राजांच्या दरीत मैहेरप्री या अठराव्या राजवंशकालीन मानकऱ्याची कबर उजेडात आणली. तीत कातड्याचे दोन सुशोभित श्वानपट्टे मिळाले आणि त्यांपैकी एकावर कुत्र्याचे नावही लिहिलेले आहे. गळपट्टा हे केवळ बंधन नसून ओळखीचे व प्रतिष्ठेचे चिन्हही होते, हे यावरून स्पष्ट होते. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील एका घराच्या उंबरठ्यावर साखळीने बांधलेल्या कुत्र्याचे कुट्टिमचित्र आहे. तेथे तोच पट्टा येणाऱ्याला इशारा देतो.

याहून अधिक बोलका उल्लेख रोमन ग्रंथकार वारो याच्या शेतीविषयक ग्रंथात, म्हणजे इ.स.पू. ३७ च्या सुमारास आढळतो. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळे ठोकलेला जाड कातडी पट्टा घालावा, म्हणजे लांडगे मानेला धरणार नाहीत, असे तो सांगतो. त्या खिळ्यांची डोकी मानेला टोचू नयेत म्हणून आतून मऊ कातड्याचे अस्तर लावावे, अशीही त्याची सूचना आहे. या पट्ट्याचे काटे बाहेरच्या शत्रूकडे रोखलेले होते, हा तपशील पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

२. ओढ हीच उपयुक्तता

उपरोक्त कोणत्याही पुराव्यात श्वानाची ओढ हा दोष म्हणून पुढे येत नाही. याउलट, मानवी इतिहासाच्या मोठ्या कालखंडात ती जोपासण्याची गोष्ट होती. सैबेरियाच्या उत्तरेकडील झोखोव्ह बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या श्वानांचे अवशेष आणि घसरगाड्यांचे भाग सापडले आहेत. हिमप्रदेशातील प्रवास व शिकार या ओढीवरच अवलंबून होती. छातीपट्टा जन्मास आला तो याच गरजेतून. भार गळ्यावरून काढून छाती व खांद्यांवर टाकला की श्वान गुदमरल्याविना दीर्घकाळ ओढू शकतो.

युरोपातही श्वानगाड्यांची प्रथा रूढ होती. बेल्जियममध्ये दूधवाल्यांच्या लहान गाड्या कुत्रे ओढीत आणि पहिल्या महायुद्धात बेल्जियन सैन्याच्या मशीनगनही श्वानांनी ओढल्या. इंग्लंडमध्ये मात्र १८३९ च्या महानगर पोलीस कायद्याने लंडन परिसरात श्वानगाड्यांवर बंदी आली आणि १८५४ च्या कायद्याने ती इंग्लंडभरच्या सार्वजनिक रस्त्यांना लागू झाली. या बंदीमागे भूतदयेची चळवळ होती. परंतु तिचा एक परिणाम असा की, इंग्लंडच्या रस्त्यावरील श्वानाची ओढ निरुपयोगी ठरली. जी शक्ती काल रोजगाराचे साधन होती, ती आता मालकाच्या हाताला बसणारा हिसका तेवढी उरली.

अंधांच्या मार्गदर्शक श्वानांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अशा श्वानांचे विद्यालय सुरू झाले. त्यांच्या छातीपट्ट्याला ताठ मूठ असते. श्वानाची हलकी, सातत्यपूर्ण ओढ त्या मुठीतून हाताला मार्ग कळविते. म्हणजे ओढ ही मुळात विकृती नसून, तिचा अर्थ संदर्भाने ठरतो.

३. घोड्याच्या साजाचा वाद आणि त्याचा बोध

पट्टा शरीरावर नेमका कोठे बसतो, या प्रश्नाला इतिहासलेखनात मानाचे स्थान मिळाले ते घोड्याच्या संदर्भात. फ्रेंच घोडदळातील निवृत्त अधिकारी लफेव्र दे नोएत यांनी १९३१ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, प्राचीन काळचा साज घोड्याच्या श्वासनलिकेवर दाब देई. त्यामुळे घोडा पूर्ण शक्तीने ओढू शकत नसे आणि मध्ययुगात खांद्यावर टेकणारे गळजू आल्यानंतरच त्याची खरी शक्ती मोकळी झाली. लिन व्हाइट यांनी १९६२ मध्ये या विचाराला मध्ययुगीन कृषिपरिवर्तनाच्या व्यापक मांडणीत स्थान दिले. पुढे झाँ स्प्रुइत यांनी प्राचीन साजांच्या प्रतिकृती करून प्रत्यक्ष घोड्यांवर प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. लफेव्र यांनी दोन वेगळ्या पद्धतींचे भाग एकत्र जोडून एक काल्पनिक साज उभा केला होता, असे त्यांतून निष्पन्न झाले.

या वादातून दोन बोध मिळतात. एक म्हणजे, पट्ट्याची जागा बदलली की शक्तीचे गणित बदलते, हे तत्त्व खरे आहे. दुसरा असा की, केवळ चित्र पाहून एखाद्या साधनाला ‘क्रूर’ वा ‘सुधारित’ ठरविणे धोक्याचे असते. श्वानाच्या पट्ट्यांना हे दोन्ही बोध लागू पडतात.

४. शिक्षेचे साधन म्हणून पट्टा

विसाव्या शतकाच्या आरंभी श्वानशिक्षण हे शास्त्र म्हणून आकार घेऊ लागले. जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांचे १९१० चे प्रशिक्षणपुस्तक या क्षेत्रातील पायाभूत ग्रंथ मानले जाते. त्यांच्या पद्धतीत बक्षिसाबरोबरच सक्तीलाही स्थान होते आणि आतील बाजूस टोके असलेला काटेरी पट्टा हे त्या सक्तीचे एक साधन होते. वारोच्या पट्ट्याचे काटे लांडग्याकडे रोखलेले होते, येथे ते श्वानाच्याच मानेकडे वळले. अमेरिकेत विल्यम कोहलर यांच्या १९६२ च्या पुस्तकाने ओढताच आवळणाऱ्या साखळीचा आणि दोरीच्या हिसक्याचा प्रसार केला. ओढणे हा अपराध व हिसका ही शिक्षा, असे या पद्धतीचे सूत्र सांगता येईल.

याच कालखंडाच्या आरंभी इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत घडलेली एक गोष्ट येथे नोंदविणे आवश्यक आहे. चौकटीत पट्ट्यांनी बांधून उभे केले असता एक श्वान सतत प्रतिकार करी. पावलोव्ह यांनी १९१७ च्या सुमारास या वर्तनाला ‘स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया’ असे नाव दिले. त्या श्वानाला काही काळ केवळ त्या चौकटीतच अन्न देण्यात आले, तेव्हा त्याचा प्रतिकार हळूहळू मावळला. बंधनाला होणारा विरोध हा हट्ट वा अवज्ञा नसून प्राण्याचा स्वभावधर्म असू शकतो आणि तो दाब वाढविल्याने नव्हे, तर नवी सवय लावल्याने शमतो, असा याचा अर्थ लावता येतो. प्रशिक्षकांच्या व्यवहारात मात्र हा विचार रुजण्यास बराच अवधी लागला.

५. म्होरकीचे श्वानाकडे स्थलांतर

शेतकऱ्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे की, बैलाच्या बळाशी माणसाच्या बळाची बरोबरी होऊ शकत नाही. म्हणून तो बैलाचे धड आवरीत नाही, त्याचे डोके वळवितो. वेसण, म्होरकी आणि कासरा ही साधने याच अनुभवातून आलेली आहेत. ‘वेसण घालणे’ हा वाक्प्रचार मराठीत नियंत्रणाचा पर्याय झाला, तो उगाच नव्हे. हीच युक्ती श्वानासाठी व्यापारी स्वरूपात प्रचलित झाली, ती गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. ब्रिटनमध्ये प्राणिवर्तनतज्ज्ञ रॉजर मगफर्ड यांची ‘हॅल्टी’ आणि अमेरिकेतील मिनेसोटा येथे पशुवैद्यक रॉबर्ट अँडरसन व प्रशिक्षक रूथ फॉस्टर यांनी विकसित केलेली ‘जेंटल लीडर’ ही त्यांतील दोन प्रसिद्ध नावे होत.

म्होरकीचे कार्य तरफेच्या तत्त्वावर चालते. दोरी हनुवटीखाली जोडलेली असल्याने श्वान पुढे झेपावताच त्याचे नाकाड बाजूला वळते, आणि डोके वळले की धडाचा जोर पुढच्या दिशेने लागत नाही. २००० च्या दशकात लोकप्रिय झालेल्या, छातीवर पुढील बाजूस कडी असलेल्या पट्ट्याचेही तत्त्व हेच आहे. तेथे नाकाडाऐवजी खांदा वळतो. कडी पाठीवर असलेला छातीपट्टा मात्र आपल्या मूळ प्रयोजनाशी प्रामाणिक राहतो. ओढणे सुकर व्हावे यासाठीच तो घडला होता.

६. आधुनिक संशोधनाचा पुरावा

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात, गळपट्ट्यावर ताण आला असता श्वानाच्या डोळ्यांतील दाब वाढतो, छातीपट्ट्यावर तेवढाच ताण दिल्यास तो वाढत नाही, असे आढळले. काचबिंदूसारखे विकार असणाऱ्या श्वानांसाठी हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. तथापि २०१९ च्या एका अभ्यासानुसार छातीपट्ट्यामुळे खांद्याच्या सांध्याची हालचाल काही अंशी मर्यादित होते. मोकळ्या रचनेचे म्हणून विकले जाणारे पट्टेही याला अपवाद नव्हते. २०२१ मधील ऑस्ट्रेलियातील अभ्यासात गळपट्ट्यापेक्षा छातीपट्टा घातलेले श्वान अधिक जोराने व अधिक सातत्याने ओढतात, असे दिसून आले. ऐतिहासिक दृष्टीने यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

म्होरकीविषयी मिनेसोटा येथे झालेल्या १९९८ च्या अभ्यासात गळपट्टा व म्होरकी यांच्यात शारीरिक ताणाच्या मोजमापांत लक्षणीय फरक आढळला नाही. वर्तनात मात्र फरक होता. म्होरकी घातलेले श्वान पंजाने नाक चोळताना अधिक दिसले. आखूड तोंडाच्या जातींना ती नीट बसत नाही, आणि धावत्या श्वानाच्या म्होरकीला अचानक हिसका दिल्यास मानेला पीळ बसण्याचा धोका संभवतो. म्हणजे प्रत्येक साधन भार नाहीसा करीत नाही, तर तो शरीराच्या दुसऱ्या भागावर नेऊन ठेवते.

कायद्याचा कलही दखलपात्र आहे. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून श्वानप्रशिक्षणात काटेरी पट्ट्यांच्या वापरास मनाई केली. भारतात १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमानुसार अवाजवी आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरविण्यात मालकाने केलेली हयगयही त्यात समाविष्ट आहे. साधनाइतकेच श्वानाच्या चालण्याच्या गरजेलाही येथे कायद्याने महत्त्व दिले, ही बाब लक्षणीय होय.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, ओढ हा श्वानाचा सनातन दोष नसून, श्वान श्रमिकाऐवजी सोबती झाल्यावर तिला दोषाचे रूप आले. दुसरा, नियंत्रणसाधनांचा इतिहास हा क्रौर्याकडून करुणेकडे जाणारा सरळ प्रवास नाही. इ.स.पू. पहिल्या शतकातील पट्ट्याला श्वानाच्या मानेची काळजी घेणारे अस्तर होते, तर विसाव्या शतकातील शास्त्रीय प्रशिक्षणाने त्याच मानेकडे काटे वळविले. तिसरा निष्कर्ष व्यवहाराशी निगडित आहे. ओढल्यावर पुढे जायला मिळते, हे श्वान प्रत्येक पावलागणिक शिकत असतो. दोरी सैल असतानाच वाट मोकळी होते, हे त्याला शिकविणे हे मालकाचे काम आहे, आणि कोणताही पट्टा ते काम मालकाच्या वतीने करू शकत नाही. म्होरकी वा छातीपट्टा या शिक्षणाला अवधी मिळवून देतो. तो अवधी वापरला गेला नाही, तर साधन कायमचे अंगावर राहते आणि श्वान काहीच शिकत नाही. म्हणून पट्टा निवडताना तो किती सौम्य आहे, याबरोबरच तो किती काळासाठी हवा आहे, हा प्रश्नही श्वानपालकाने स्वतःला विचारणे अगत्याचे आहे.